हॉस्पिटलच्या जुन्या देण्यांमुळे रिपोर्टवर 'सेटल्ड': गृहकर्जाआधी काय, कोणत्या क्रमाने?

वाकडवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यात रीसेलचा टू बीएचके बघतोय. व्यवहार ६२ लाखांचा, कर्ज ४८ लाखांचं हवंय. बायको सहकर्जदार. हातात येणारा पगार माझा ६८,०००, तिचा ३८,०००. बँकेत तोंडी चौकशी केली तेव्हा माझा सिबिल स्कोअर ६७२ निघाला, तिचा ७७१. अडचण आहे ती दवाखान्याच्या जुन्या खर्चाची.

१) मे २०२१, वडिलांचं कोविडचं बिल. क्रेडिट कार्डवर १,८५,००० थकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये १,१०,००० भरून सेटलमेंट केली, पत्र आहे. क्रेडिट रिपोर्टवर अजून 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलेलं.
२) त्याच हॉस्पिटलचे ३८,००० बाकी. डिस्चार्जच्या वेळी सही करून कोरा चेक दिला होता. अधूनमधून फोन येतो.
३) आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ॲपवरून 'नो कॉस्ट ईएमआय'. हप्ता ९,५००, सात बाकी. दोनदा उशीर झाला. रिपोर्टवर ॲपचं नाव नाही, भलत्याच फायनान्स कंपनीचं आहे.
४) पर्सनल लोन, हप्ता ११,२००, १९ बाकी. शिवाय दुसऱ्या कार्डावर ४०,००० उभे आहेत, लिमिट ६०,०००.

शिल्लक एकूण २२ लाख. आधी काय फेडू? 'सेटल्ड' जातं का? कर्ज फक्त बायकोच्या नावावर काढलं तर? घरमालक दहा दिवसांत दोन लाख टोकन मागतोय.

चाळकरी

काही करू नका. सात वर्षं झाली की रिपोर्टमधून आपोआप जातं. आणि दोन्ही कार्डं बंद करून टाका, स्कोअर लगेच वर येतो.

हिशेबनीस

चाळकरी, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. सात वर्षांचा नियम माहिती निदान तेवढा काळ ठेवायचा आहे, सातव्या वर्षी पुसलीच पाहिजे असा नाही. आणि चालू कार्ड बंद केलं की एकूण लिमिट घटतं, वापराची टक्केवारी वाढते, स्कोअर उलट खाली येतो. कार्ड राहू द्यावं, बाकी शून्यावर आणावी.

वाकडवासी, तुमच्या यादीतल्या चार गोष्टी बँकेला चार वेगळ्या ठिकाणी दिसतात, किंवा दिसतच नाहीत. हॉस्पिटल ही कर्ज देणारी संस्था नव्हे, त्यामुळे त्यांचे ३८,००० सिबिलला कळवले जात नाहीत. बिल ज्या क्षणी कार्डवर, पर्सनल लोनवर किंवा ॲपच्या ईएमआयवर गेलं त्या क्षणी ते आजारपणाचं देणं उरलं नाही, साधं बिनतारण कर्ज झालं. कारण कोविड होतं की गोव्याची सहल, हे रिपोर्टच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून आधी रिपोर्ट हातात घ्या. नुसता स्कोअर नको, पूर्ण रिपोर्ट. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार क्रेडिट ब्युरोंकडून (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट दर कॅलेंडर वर्षात फुकट मिळतो. स्वतः काढल्याने स्कोअरला धक्का लागत नाही. चारही काढा, कारण तुम्ही ज्या बँकेत जाल ती कोणता बघेल हे तुमच्या हातात नाही, आणि एकात 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) तर दुसऱ्यात 'सेटल्ड' असं सर्रास असतं.

त्या जुन्या कार्डाचं पान उघडा. खात्याची स्थिती 'सेटल्ड' आहे की 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड', ते बघा. दुसरी असेल तर बँकेने आधी खातं बुडीत धरलं आणि मग तडजोड केली असा अर्थ होतो, ते जास्त जड पडतं. त्याखाली राइट-ऑफ रकमेचे दोन आकडे असू शकतात, एकूण आणि निव्वळ मुद्दल. दोन्ही टिपून ठेवा, पुढे वाटाघाटीत लागतील. तळाशी महिन्यांच्या चौकटी दिसतील: ०००, ०२९, ०५९, ०८९ अशा. हप्ता किती दिवस थकला होता त्याचा तो आकडा. छत्तीस महिन्यांची ही पट्टी असते आणि क्रेडिट मॅनेजरची नजर स्कोअरनंतर आधी तिथेच जाते.

रसीदबुक

हिशेबनिसांच्या पुढचं लिहितो, 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' कसं करायचं.

सेटलमेंटमध्ये बँकेने सोडलेले ७५,००० (१,८५,००० वजा १,१०,०००) तुम्ही आज भरलेत तर बँक स्थिती बदलून कळवू शकते. बँकेवर तशी सक्ती नाही, पण बहुतेक जण तयार होतात, त्यांना बुडीत पैसा परत मिळतोय. कस्टमर केअरला फोन करण्यात वेळ घालवू नका. कार्ड विभागाच्या नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारी बघणारा अधिकारी) ईमेल बँकेच्या वेबसाइटवर असतो, त्याला लिहा. सोबत जुनं सेटलमेंट पत्र, पैसे भरल्याची नोंद आणि रिपोर्टचं ते पान जोडा.

पैसे भरण्याआधी पत्र मिळवा. पत्रात हे असलंच पाहिजे: कार्डाचे शेवटचे चार अंक, भरायची नेमकी रक्कम, मुदत, रक्कम मिळाल्यावर पुढे काही येणं राहणार नाही हे वाक्य, आणि चारही क्रेडिट ब्युरोंना 'क्लोज्ड' व राइट-ऑफ रक्कम शून्य असं कळवू, हे वाक्य. शेवटचं वाक्य नसेल तर पैसे जातात आणि शेरा जागचा हलत नाही. तक्रारी बघितल्या तर निम्मं भांडण याच एका वाक्यावरून असतं.

खातं दरम्यान एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला (बुडीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं गेलं असेल तर मूळ बँक काही करू शकत नाही. अशा वेळी रिपोर्टवर त्या कंपनीच्या नावाने वेगळी नोंद दिसते, बोलणी तिच्याशीच करायची.

रक्कम फक्त कार्डाच्या खात्यात, एनईएफटीने किंवा बँकेच्या पोर्टलवरून. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही गोड बोलला तरी. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) जपून ठेवा आणि ना-देय दाखला मागा.

आता वेळेचं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती महिन्यातून निदान दोनदा पाठवावी लागते. म्हणजे बदल महिन्याभरात दिसायला हवा. नाही दिसला तर ब्युरोच्या वेबसाइटवर 'डिस्प्यूट' टाका, फुकट असतं. ब्युरो स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारतो. सगळं मिळून ३० दिवसांत निकाली निघालं पाहिजे. त्यात बँकेचे २१ दिवस धरलेले आहेत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे. तक्रार बँक आणि ब्युरो दोघांविरुद्धही करता येते.

फेसबुकवर 'सात दिवसांत सिबिल साफ' म्हणणारे जे आहेत ते हेच डिस्प्यूट तुमच्या नावाने टाकतात आणि पाच-दहा हजार घेतात. खरी नोंद त्यांनाही पुसता येत नाही.

हिशेबनीस

एक भर. 'क्लोज्ड' झालं तरी मागच्या चौकटी तशाच राहतात, त्यामुळे स्कोअर रातोरात ७५० होईल अशी आशा धरू नका. फायदा वेगळा आहे: बऱ्याच बँकांचं धोरण 'सेटल्ड' किंवा 'रिटन-ऑफ' दिसलं की फाइल पुढेच न नेण्याचं असतं. तो अडसर जातो, मग माणूस फाइल वाचतो. अर्जासोबत अर्ध्या पानाचं खुलासापत्र, वडिलांचं डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल आणि ना-देय दाखला लावा. तारखा जुळल्या पाहिजेत: ॲडमिशन मे २०२१, पहिली थकबाकी त्यानंतर. शाखेला वर 'डेव्हिएशन' (धोरणातून अपवाद) मागायचं असेल तर हाच कागद लागतो.

ज्या बँकेशी सेटलमेंट केली तिच्याकडे मात्र गृहकर्जाला जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमाने तडजोडीनंतर निदान बारा महिने तीच संस्था नवं कर्ज देऊ शकत नाही. तुमचे ते महिने उलटून गेलेत, पण तिच्या स्वतःच्या नोंदीत तुमचं नाव राहतंच.

आता हप्त्यांचं गणित, कारण माझ्या मते तुमची फाइल 'सेटल्ड'इतकीच इथेही अडकेल. ४८ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता साधारण ४१,६५०. चालू हप्ते ९,५०० आणि ११,२००. कार्डाच्या बाकीचे बँका सहसा पाच टक्के धरतात, म्हणजे २,०००. बेरीज ६४,३५०. दोघांचा पगार १,०६,०००. हे झाले साठ टक्क्यांच्या वर, आणि या पगाराला बँका साधारण पन्नास ते पंचावन्न टक्क्यांपर्यंत जातात. आईच्या ऑपरेशनचा ईएमआय बंद केला आणि कार्ड शून्य केलं तर बेरीज ५२,८५० होते, म्हणजे जेमतेम पन्नास टक्के. पर्सनल लोनला हात लावायची गरज नाही.

एक कार्ड, लिमिट ६०,००० आणि बाकी ४०,०००, म्हणजे वापर ६७ टक्के. तीसच्या आत हवा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर दिसणारं औषध आहे. स्टेटमेंट निघायच्या आधी भरा, नंतर भरलं तर जुनीच बाकी कळवली जाते.

फक्त बायकोच्या नावावर म्हणाल तर ३८,००० पगारावर १९,००० हप्ता, म्हणजे बावीस लाखांच्या आतबाहेर कर्ज. तुमचं काम होत नाही. आणि करारनाम्यात तुम्ही सहमालक असाल तर बँक तुम्हाला सहकर्जदार करतेच, रिपोर्ट निघतोच.

कलमदान

हॉस्पिटलच्या ३८,००० बद्दल, कारण त्यावर कुणी बोललं नाही आणि कोऱ्या चेकमुळे धोका इथेच जास्त आहे.

दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणून मे २०२१ च्या बिलाची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची, ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा मधल्या काळात तुम्ही लेखी कबुली किंवा थोडेफार पैसे दिले नसतील. दिले असतील तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. आणि मुदत संपल्यावरही 'पैसे देतो' असं लिहून सही केलीत तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करार होतो. तेव्हा फोन आला की घाईघाईत ईमेल, व्हॉट्सॲप करू नका. आधी आकडा नक्की करा.

चेक ही निराळी गोष्ट. सही केलेला कोरा चेक हॉस्पिटलने तारीख घालून बँकेत टाकला आणि परत आला तर चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ची प्रक्रिया सुरू होऊ शकते: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार. 'कोरा होता, नंतर भरला' एवढ्यावर सुटका होत नाही, देणं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. मुदतबाह्य देण्याचा मुद्दा बचावात घेता येतो, पण त्यासाठी कोर्टाच्या तारखा कराव्या लागतात. 'स्टॉप पेमेंट' दिलं तरीही प्रकरण होऊ शकतं. गृहकर्जाच्या अर्जात चालू खटले विचारलेले असतात. ऐन मंजुरीच्या वेळी हे उभं राहिलं तर फाइल बाजूला ठेवली जाते.

म्हणून माझा सल्ला मुदतीचा वाद न घालता मिटवून टाकायचा, पण अशा रीतीने: आधी अंतिम बिल तपशीलवार मागा, आयपीडी नंबरसह (दाखल रुग्णाचा क्रमांक). विम्याचे किंवा टीपीएचे (विमा कंपनीतर्फे दावे बघणारी एजन्सी) पैसे नंतर जमा झाले होते का, डिपॉझिट वजा झालं का, औषधं परत केल्याची वजावट आहे का, हे तपासा. याच तीन ठिकाणी चूक सापडते. मग बिलिंग विभागाऐवजी व्यवस्थापनाकडे एकरकमी सवलत मागा. देताना एका टेबलावर तीन गोष्टी: तुमचा डिमांड ड्राफ्ट, त्यांची 'पूर्ण व अंतिम' पावती, आणि तो मूळ चेक. चेक सापडत नाही म्हणाले तर चेकचा नंबर घालून, लेटरहेडवर, तो रद्द समजावा आणि वापरणार नाही असं लेखी घ्या.

रसीदबुक

तिसऱ्या मुद्द्याचं राहिलं. ॲप फक्त दलाल असतं, पैसे देणारी फायनान्स कंपनी मागे असते, तिचंच नाव रिपोर्टवर येतं. कर्जाच्या करारात आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (कर्जाच्या अटींचा गोषवारा) तेच नाव असेल, जुळवून घ्या. मंजूर रक्कम आणि हॉस्पिटलचं अंतिम बिल यांचाही मेळ घाला. बिल कमी झालं असेल तर फरक हॉस्पिटलने फायनान्स कंपनीकडे वळता करायला हवा होता, तो बरेचदा हॉस्पिटलच्या खात्यावरच पडून राहतो.

'नो कॉस्ट'मध्ये व्याज सहसा हॉस्पिटलने आधीच सोसलेलं असतं, त्यामुळे सात हप्ते आत्ता एकदम भरून तुमचं व्याज वाचणार नाही. कदाचित फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल. तरी बंद करा, ते हप्त्यांच्या गणितासाठी. काही बँका सहापेक्षा कमी हप्ते उरलेलं कर्ज धरत नाहीत, पण त्यावर विसंबून राहू नका.

फोरक्लोजर स्टेटमेंट ठरावीक तारखेपुरतंच चालतं. त्याच दिवशी भरा, आणि नाच मॅन्डेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत खात्यात लक्ष ठेवा. कर्ज बंद झाल्यावरही पुढचा हप्ता कापला जाण्याचा प्रकार नेहमीचा आहे. उशिराचे दोन हप्ते मात्र पट्टीत राहणारच. पूर्वी पाच तारखेचा हप्ता वीसला भरला तरी महिनाअखेर सगळं शून्य दिसायचं, आता महिन्याच्या मध्येही फोटो निघतो.

वाकडवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकनचं काय करू? आणि हे सगळं फेडून पैसे पुरतील का? घरमालक म्हणतो, बँकेचं नंतर बघा.

हिशेबनीस

पुरतात, पण काठावर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६२ लाखांवर ४९.६० लाख. ४८ त्यात बसतात, पण बँकेचा व्हॅल्युअर ६२ च्या खाली गेला तर बसणार नाहीत. तुमचे चौदा लाख. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी सात टक्के, ४.३४ लाख, नोंदणी ३०,०००, आणि हे कर्जात धरत नाहीत. एकूण १८.६४ लाख. बायको एकटीच खरेदीदार असेल तर एक टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर नाही. २२ लाखांतून उरले ३.३६. त्यातून जुन्या कार्डाचे ७५,०००, हॉस्पिटलचे ३८,०००, ईएमआयचे ६६,५०० आणि दुसऱ्या कार्डाचे ४०,०००, म्हणजे २,१९,५०० गेले की हातात १,१६,५००. दलाली, प्रोसेसिंग फी आणि सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (जास्तीत जास्त २५,०००) यातूनच. या काळात नवं पर्सनल लोन, मोबाइलचा ईएमआय, काहीही नको.

टोकन आत्ता दोन लाख नको. एकवीस-पंचवीस हजारांवर थांबवा आणि टोकन पावतीत लिहून घ्या की बँकेने कर्ज नाकारलं किंवा मूल्यांकन कमी आलं तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत. घरमालक हे लिहायला तयार नसेल तर घर कितीही आवडलेलं असो, दुसरं बघा. आणि फेडाफेड होऊन नवा रिपोर्ट हातात आल्याशिवाय चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते.

वाकडवासी

नोडल अधिकाऱ्याचं उत्तर आलं. ७५,००० नाही, १,०२,००० मागतायत. सेटलमेंटनंतरचं व्याज म्हणे.

कलमदान

तुमच्या नोव्हेंबर २०२२ च्या पत्रात 'उर्वरित रक्कम माफ' किंवा 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असणार, ते आधी शोधा. असतील तर कायद्याने तुम्ही काहीच देणं लागत नाही, आता जे द्याल ते ऐच्छिक. माफ झालेल्या रकमेवर व्याज चढायला काही शिल्लकच नाही. हेच दोन ओळींत लिहून पत्राची प्रत जोडा, आणि १,८५,००० मध्ये मुद्दल किती आणि व्याज, दंड, जीएसटी किती याची फोड मागा. रिपोर्टवरचा मुद्दलाचा आकडा १,१०,००० च्या आसपास असेल तर मुद्दल जवळपास वसूल झालंय, मग ७५,००० च्याही खाली बोलणी सुरू करता येतील. उत्तर लेखीच घ्या, आणि ते येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.